सोंगातला एसटी थांबा

धावती एसटी कशी थांबवायची, ते आमच्या सुमनला विचारा. शहात्तर-सत्त्याहत्तरची गोष्ट असेल. कारंज्याची बस आमच्या फाट्यावरून धूळ उडवत जायची, थांबायची मात्र नाही. त्या होळीला कसली सोंगं काढायची, म्हणून आम्ही मैत्रिणी सुमनच्या ओट्यावर बसलो. कोणी म्हणे राजाचा दरबार, कोणी म्हणे लग्न.

सुमन म्हणाली, "दरबार कायले? एसटी थांबा करू!"

डब्याचा पत्रा ठोकून पाटी केली, फाट्यावर बाकडं नेलं. भावाचा खाकी सदरा घालून सुमन कंडक्टर झाली. आम्ही गाठोडी घेऊन प्रवासी झालो आणि तिकिटावरून खोटं खोटं भांडू लागलो.

तेवढ्यात खरी बस आली आणि कचकन थांबली! खरा कंडक्टर उतरला, पाटी वाचून म्हणाला, "इथं थांबा कवा झाला?"

सुमन म्हणाली, "आत्ताच झाला, भाऊ. तुमीच पयले!"

तो खो-खो हसला. "मंग चढा ना! कोनाले जाचं हाये?"

आमच्यासोबत प्रवासी झालेली सुमनची काकू चिंध्यांचं गाठोडं घेऊन सरळ चढली. "बहिनीले भेटून येतो," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी बस थांबली, आणि हॉर्न वाजवत उभी राहिली.