काकांच्या कानातली जलेबी

अरे भिया, आमच्या देवासच्या काकांचं ऐकलंस का? कानाला मशीन लावूनही त्यांना टीव्हीतलं एक अक्षरही ऐकू यायचं नाही. रोज सकाळी टीव्हीवर एक डॉक्टर हिंदीत खूप वेळ बोलायचा. काका विचारायचे, "काय म्हणतोय गं?" काकू ओरडून सांगायची, "जलेबी बंद म्हणतोय!" दुसऱ्या दिवशी, "शेवही बंद!" एकदा तर, "जेवल्यावर आपलं ताट आपणच उचलावं म्हणतोय!"

काका बिचारे सगळं पाळायचे. पोह्यांवर शेव नाही, सोबत जलेबी नाही. देवासात राहून हा वनवासच की!

परवा मुलानं पीथमपूरहून एक डबी आणली. ती टीव्हीला जोडली की आवाज थेट काकांच्या कानातल्या मशीनमध्ये येतो. सकाळी डॉक्टर बोलायला लागला आणि काका ताडकन उठलेच. "अगं, हा तर म्हणतोय, कधीमधी थोडी जलेबी चालते!"

काकू पोह्यांवर कोथिंबीर घालत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"डबी नवीन आहे," ती म्हणाली. "सुरुवातीला असंच उलटंसुलटं ऐकू येतं."