वर्तुळाच्या काठापर्यंत

वहिनी : अजून जवळ घ्या, भाऊजी. माउसचं चाक फिरवा. अजून.

धाकटा : अजून किती? मुंगीच्या डोळ्यात शिरायचंय का आपल्याला? दिसतंय मला. ही पावसाळी गटाराची लाइन, हे चेंबरचं वर्तुळ, आणि लाइन वर्तुळाला टेकलीय. झालं?

वहिनी : वर्तुळाला टेकलीय. मध्यबिंदूला नाही.

धाकटा : मग?

वहिनी : मग प्रोग्रामच्या लेखी ती टेकलेलीच नाही. वर्तुळ नुसतं चित्र आहे. चेंबर म्हणजे तो मधला बिंदू. लाइन तिथपर्यंत गेली तरच तिचं पाणी चेंबरमध्ये पडतं. टेकडीवरचं सगळं पावसाचं पाणी इथपर्यंत येतंय आणि या काठावर संपतंय.

धाकटा : संपतंय म्हणजे जातंय कुठे?

वहिनी : कुठेच नाही. हिशेबातून बाद.

धाकटा : दादाचं बरं आहे. भूगोल शिकवतो. त्याच्या नद्या न सांगता समुद्राला मिळतात.

वहिनी : तुमच्या दादांचं राहू द्या. या चेंबरच्या खालच्या लाइन बघा. कसल्या रंगाच्या आहेत?

धाकटा : हिरव्या. म्हणजे चांगलंच की. पाणी पाइपात मावतंय.

वहिनी : मावणारच. निम्मं पाणी आलेलंच नाही.

धाकटा : तुला हे सापडलं कसं?

वहिनी : ठेकेदाराने मघाशी या चेंबरच्या तळाची पातळी विचारली. मी फाइल उघडली, तर येणारी लाइन एकच दाखवत होती. बाजाराकडची. टेकडीकडची नाहीच. ही कॉपी काढलीय मी, मूळ फाइलला हात लावलेला नाही. आता टोक धरून मध्यापर्यंत ओढते आणि गणित पुन्हा चालवते. बघा.

(कळ दाबल्याचा आवाज.)

धाकटा : लाल.

वहिनी : या चेंबरपासून थेट नदीपर्यंत. सहाशे मिलिमीटरचा पाइप पुरत नाही. नऊशेचा लागेल.

धाकटा : नऊशेचा! वहिनी, क्रेन लागलीय तिथे. सकाळपासून सहाशेचे पाइप उतरवतायत चरात.

वहिनी : म्हणून तर तुम्हाला जेवणावरून उठवलं. नदीकडच्या टोकापासून वर येतायत ते. म्हणजे नेमके चुकलेल्याच भागात.

धाकटा : थांब. डोकं शांत ठेवू. आपण पाऊस कुठला धरलाय? दहा वर्षांतून एकदा येणारा ना?

वहिनी : हो.

धाकटा : मग एवढं काय? दहा वर्षांतून एकदा, एका रस्त्यावर, तासभर पाणी. लोक चपला हातात घेतील, आपल्याला चार शिव्या देतील, घरी जातील.

वहिनी : या पाइपात त्या पावसाचं निम्मंच पाणी मावतं, भाऊजी. आणि निम्मा पाऊस दरवर्षी पडतो. झाकण उचलून पाणी आधी वर येणार ते वळणावरच्या चेंबरला. तिथे काय आहे?

धाकटा : पाळणाघर.

वहिनी : रस्त्यापेक्षा खाली. दुपारी पोरं जमिनीवर...

धाकटा : माहीत आहे मला. तिथल्या लेव्हल मीच घेतल्यात. बाई दारात येऊन म्हणाल्या, जरा हळू बोला, आत्ताच डोळे मिटलेत सगळ्यांचे.

वहिनी : मग लावा फोन ठेकेदाराला.

धाकटा : मी लावून काय होणार? तो विचारेल, सही कोणाची? बाबांच्या तोंडून ऐकल्याशिवाय क्रेन थांबवायचा नाही तो. मला तो अजून 'छोटे' म्हणतो. टक्कल पडायला लागलं, तरी छोटे!

वहिनी : तर बाबांना उठवू.

धाकटा : हळू बोल! आतल्या खोलीत डोळ्यांत थेंब घालून पडलेत ते. आणि उठवून सांगणार काय? डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचं पहिलं ड्रॉइंग आहे त्यांचं. कॉम्प्युटरवरचं तर आयुष्यातलं पहिलं. तूच शिकवलंस त्यांना. पोस्टमन आला तरी त्याला भिंतीवरची प्रिंट दाखवतात. म्हणतात, ही मी काढली, माउस धरून.

वहिनी : मला काय आनंद होतोय का सांगायला?

धाकटा : मग ऐक. झाकली मूठ राहू दे. आपण दोघं लाइन जोडू, पाइप बदलू, सुधारित ड्रॉइंग काढू. कोणी विचारलंच, तर पावसाचे आकडे बदलले म्हणून सांगू. वरून आदेश आला. विषय संपला.

वहिनी : सहीला कोणाकडे नेणार?

धाकटा : बाबांकडे.

वहिनी : आणि ते न वाचता सही करतील.

धाकटा : नाही करणार. एक स्वल्पविराम सोडायचे नाहीत.

वहिनी : आणि तोवर पाइप उतरतच राहणार. शिवाय हे एकाच ठिकाणी झालंय कशावरून? भाऊजी, ही लाइन आधी नीट होती. मी बघितली होती, मध्यापर्यंत गेलेली. नंतर कापलीय. अगदी काठावर. इतकी बरोबर की हात चुकून होणार नाही.

धाकटा : बाबा कशाला कापतील?

वहिनी : ते मला माहीत नाही. पण तपासणाऱ्याला दिसायला हवं होतं. खालच्या चौकटीत 'तपासणार' म्हणून नावाची अक्षरं कोणाची आहेत?

धाकटा : आला टोमणा. वाटच बघत होतो.

वहिनी : टोमणा नाही. विचारतेय.

धाकटा : माझी आहेत! बाबांचं ड्रॉइंग मी तपासू? शाळेत माझी चित्रकलेची वही ते लाल पेनने तपासायचे. झाडाला मोजपट्टी लावून. म्हणायचे, हे झाड उभं राहणार नाही, याचा भार एका बाजूला आहे. त्या माणसाने कागद पुढे केला, मी अक्षरं टाकली आणि निघालो. तू काय केलं असतंस?

वहिनी : कदाचित तेच.

बाबा : कोणाचं ड्रॉइंग तपासायचं नाही?

धाकटा : बाबा! उठलात कशाला? थेंब घातल्यावर पडून राहायला सांगितलंय ना डॉक्टरांनी?

बाबा : थेंब डोळ्यांत घालतात. कानांत नाही. क्रेन, लाल आणि पाळणाघर, एवढं ऐकलं मी. बाकीचं सांगा.

धाकटा : काही नाही हो. सॉफ्टवेअरचा गोंधळ. काल ते अपडेट आलं ना, त्याच्यात काहीतरी...

बाबा : तुला नाही विचारलं. सूनबाई, तू सांग.

वहिनी : टेकडीची लाइन चेंबरच्या मध्यापर्यंत नाही, बाबा. वर्तुळाच्या काठावर कापलीय. त्यामुळे जोडणी तुटली. टेकडीचं पाणी धरलंच गेलं नाही, आणि खालचे पाइप लहान निघाले.

बाबा : ती मी कापली.

धाकटा : बाबा, असं एकदम अंगावर घेऊ नका. बघू आपण...

बाबा : अरे, अंगावर काय घ्यायचंय? मी कापली म्हणून सांगतोय. बाकीच्या रेघा वर्तुळाखाली झाकलेल्या होत्या. ही वर दिसत होती, पार पोटात शिरलेली. आमच्या वेळी चेंबरच्या आत रेघ गेली की साहेब ट्रेसिंग तोंडावर फेकायचे. मग ब्लेड घ्यायचं आणि शाई खरवडत बसायचं, कागद फाटू न देता. रेघ बरोबर काठावर थांबवता आली की म्हणायचे, आता पोराचा हात बसला. इथे तर एका बोटाच्या कामात तुटली. इतकी स्वच्छ! मला बरं वाटलं होतं.

वहिनी : आणखी कुठे कापल्यात, बाबा? आठवतंय?

बाबा : बाजाराच्या अंगाला एखादी असेल. नक्की नाही सांगता येत. पण मला एक कळत नाही. एवढं शहाणं यंत्र हे. पाणी मध्येच संपतंय हे त्याला कळत होतं ना? मग मला का नाही सांगितलं?

धाकटा : तेच म्हणतोय मी केव्हाचा! सॉफ्टवेअरच...

वहिनी : सांगत होतं. मी बंद केलं होतं.

बाबा : काय बंद केलं होतंस?

वहिनी : इशाऱ्यांची खिडकी. दर वेळी शेकडो इशारे यायचे. अक्षर लहान आहे, रंग जुळत नाही, बहुतेक असलेच बिनकामाचे. तुम्ही चिडायचात. हे यंत्र माझ्याशी भांडतंय म्हणालात आणि एकदा चष्मा काढून उठून गेलात. दोन दिवस मशिनजवळ आला नाहीत. मला भीती वाटली, की आता तुम्ही सोडून देणार. म्हणून तुमच्या मशिनवर ती खिडकी बंद केली.

बाबा : मला न विचारता.

वहिनी : हो.

बाबा : आणि याने न बघता अक्षरं टाकली.

धाकटा : हो.

बाबा : छान. दोघांनी मिळून मान राखलात माझा.

धाकटा : बाबा...

बाबा : फोन दे. नंबर लावून दे, मला बारीक दिसत नाहीये. ...हां, हॅलो. मीच बोलतोय. क्रेन थांबवा. ...जेवणानंतर नाही, आत्ता. ...दोराला पाइप लटकतोय? मग टेकवा, पण चरात नको, वर टेकवा. ...आणि उतरलेत तेही काढायचे. ...का म्हणजे? ड्रॉइंग चुकलंय. ...कोणाचं म्हणजे? माझं. ...ओरडू नका, मला नीट ऐकू येतं. ...लेखी देतो ना. माझ्या सहीने देतो. ...हो, पाइप मोठे लागणार. आणि चर उघडा राहील, तर कठडे लावा. आधी पाळणाघराच्या बाजूला. मग बाकीकडे. ...ठीक. ठेवतो.

वहिनी : थांबवली?

बाबा : थांबवली.

धाकटा : एवढं काय बोलत होता तो?

बाबा : म्हणाला, साहेब, खूप केलंत, आता घरी बसा.

धाकटा : त्याला मी बघतो. आत्ता जातो आणि...

बाबा : तू आधी ड्रॉइंग बघ. पहिल्या चेंबरपासून, प्रत्येक लाइनीचं टोक मोठं करून. आणि ते माझं आहे असं समजू नकोस. समोरच्या ऑफिसातल्या त्या गाढवाचं आहे असं समज. त्याच्या चुका काढताना कसा खुलतोस!

धाकटा : मग लाल पेन लागेल.

बाबा : वरच्या ड्रॉवरमध्ये आहे. तुझ्या झाडाचं पाप त्याच्यावरच आहे. सूनबाई, ते इशारे चालू कर.

वहिनी : तीनशेच्या वर येतील, बाबा.

बाबा : येऊ देत. तुझ्या सासूचे ऐकत आलोच की जन्मभर.

वहिनी : केले चालू.

बाबा : थांब, वाचू नकोस. चष्मा कुठाय? ...'या लाइनीच्या टोकाला चेंबर नाही.' पहिलाच आहे हा.

वहिनी : हो.

बाबा : सगळ्यात वर लिहिलाय.

वहिनी : बाबा, मी विचारायला हवं होतं.

बाबा : हवं होतंस. मी चिडलो असतो, ते निराळं. चिडू द्यायचं. सरक, माउस माझ्याकडे दे.

धाकटा : बाबा, बाजाराकडे पण एक सापडली. तशीच, काठावर.

बाबा : खूण कर आणि पुढे जा. सगळ्या सापडल्या की एकदम सांग. ...इथे धरायचं ना टोक?

वहिनी : हो. आता आत ओढा. अजून आत. मध्यावर एक चौकोन उजळेल, तो दिसला की सोडा.

बाबा : हा?

वहिनी : तोच. सोडा. ...जुळली.

बाबा : लाल झालं सगळं.

वहिनी : होणारच. आता पाइप बदलायचे.

बाबा : बदलू. पण ही रेघ बघ. पुन्हा पोटात शिरली. वाईट दिसतं.

वहिनी : छापताना लपवता येते, बाबा. जोडणी तशीच राहते, फक्त प्रिंटमध्ये दिसत नाही. लपवू?

बाबा : नको. दिसू दे.