लग्नासाठी थांबू शकत नाई

हॅलो? … हॅलो, कोन? … शकुन! हो, मी सुलोचनाच. दुकानातच आहो… हे हिंगणघाटले गेले, माल आनाले. बोल.

… भेटलं तुले पत्र? … हो, श्रावणचंच. भिलाईहून आलतं, माह्यं त्याच्यासंगं साक्षगंध झाल्यावर. बाबा इथं राहाले आले ना, त्याईच्या पेटीत सापडलं. सत्त्याहत्तर सालचं, सात वर्षं झाले… अवं आयक ना, तू शाळेत इंग्रजी शिकवतं म्हनून तुले पाठवलं. तीन पानं हायेत. नकार द्याले कोनी तीन पानं लिहिते का?

… हो, तेच वाक्य. आय कॅनॉट वेट फॉर द वेडिंग. नानाजीकाकानं सर्व्यायसमोर मराठी करून वाचलं, लग्नासाठी मी थांबू शकत नाई. बाबा उठलेच. लुगडं, अंगठी, सारं दुसऱ्या दिवशी वापस.

… काय? मोठ्यानं बोल.

… उलटं? उलटं मंजे?

… हो. … हो, आयकून राह्यली.

… पुन्हा सांग. एक डाव.

… कधी एकदाचं लग्न होते, असं झालं त्याले. … हं.

… नाई वं, रडून नाई राह्यली. थांब, गिऱ्हाईक आलं… टॉवेल? खालच्या फळीवर पाहा, भाऊ.

… हो, बोल. … नाई, कोनीच कोनाले पुसलं नाई. त्याच्या घरच्यायलेबी राग आला. महिन्याच्या आत मले इथं सेलूले देल्लं.

… हे चांगले हायेत, शकुन. त्याईचा काय दोष?

… बाबाले? आत जेवून राह्यले. … नाई सांगत. आता हात कापते त्याईचा, घास सांडते.

… तुले कोनं सांगितलं? … श्रावणले दोन पोरं? बरं झालं.

… मी? मी नाई म्हटलं, असं वाटते त्याले? अजून?

… त्याले पत्र लिहितं तू?

… लिही मंग. सुलोचनानं नाई म्हटलं नोतं, येवढंच. बाकी काई नको. अन् मराठीत लिहिजो… आयकलं का? शकुन? हॅलो? … हॅलो?

… कटला.

… हो बाबा, आली. … कोनी नाई, शकुन होती, नागपूरची. … भात आनू अजून?