गोलकीपर की फटकेवाला
कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या एका गावात आइस हॉकीच्या रिंकवर कॉफीची रांग लागली होती. संघ बाहेरगावच्या ज्या पोराला निवडेल, तो यंदा वर्नाबाईंच्या घरी राहायला येणार होता. त्यामुळे रांगेत मागे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या वादाकडे त्यांचे कान लागले होते.

“फ्रीसनलाच घ्यायला हवं, ऑरेस्ट. काय फटका आहे पोराचा!”

“फटकेवाले ढीगभर आहेत, लॉइड. गोलकीपर बेलगार्दला घ्या.”

“तो? अख्खा सामना खांबासारखा उभा असतो!”

“मग काय गोल सोडून नाचायचं त्यानं?”

वर्नाबाई गर्रकन वळल्या.

“बेलगार्दलाच घ्या हो! संघातला एक फटकेवाला आधीच घरी पोसतेय मी. दिवसभर गॅरेजच्या दारावर नेम धरतो मेला. निदान दारापुढे कोणी उभं तरी राहील!”