मुनीमजी किती लांब?

हॅलो?

…मुक्ताताई! बरं झालं केलास तू फोन, मी मघापासून लावतेय… हो, हो… अगं ऐक ना! नाही, घरी सगळे ठीक आहेत. बाबा ठीक, आई ठीक. मी घरी, दुर्गाघाटावर नाहीये. इथंच काशीत, मुन्शी घाटावर आहे. हातात रायफल आहे.

…नाही गं! बेहोशीची! जनावरांना लांबून इंजेक्शन मारायची, डार्टची. आमच्या प्राण्यांच्या संस्थेची आहे. मी जनावरांची डॉक्टर आहे, विसरलीस काय?

…मुनीमजीला मारायचाय डार्ट.

…माणूस नाही गं! सांड आहे, सांड! मुन्शी घाटावर बसतो म्हणून नाववाल्या मल्लाहांनी नाव ठेवलंय मुनीमजी. हसतेस काय? ऐक. गळ्यात नायलॉनची दोरी आहे त्याच्या. लहान होता तेव्हा कुणीतरी बांधली आणि दिला सोडून. तो वाढला, दोरी थोडीच वाढते? आता मांसात घुसलीय. किडे पडलेत ताई. दुखण्यानं वेडा झालाय बिचारा. जवळ जाईल त्याला उडवतो. काल एका फुलवाल्याला… नाही, वाचला. हात मोडला.

…हो, म्हणूनच बेहोश करून दोरी कापायची. पण मी चुकले. पहिलाच डार्ट… अगं, मुनीमजीच्या पाठीवरून गेला आणि मागे भिंतीपाशी गोपीनाथ पंडाजींची छत्री आहे ना, मोठी, बांबूची… तिच्यात!

…हसू नकोस! ताई, हसू नकोस, मलाही येतंय! …नाही, कुणी नव्हतं खाली, सगळ्यांना आधीच हटवलं होतं. पंडाजी म्हणतात, "बिटिया, अब हमारी छतरी कब तक सोएगी?"

…हो, पण हसण्यासारखं नाहीये खरं. देवदत्त सर, आमचे मोठे डॉक्टर, सामान बांधायला सांगताहेत. आणि आम्ही गेलो की ही घाटावरची पोरं लाठ्या घेऊन तयारच आहेत. हाकलून देतील त्याला. मरेल तो कुठल्यातरी गलीत. घरात रायफलीची मेडलं फक्त तुझ्याकडे आहेत, तूच सांग काय झालं ते.

…हो, वर स्कोप आहे, दुर्बिणीसारखा. अंतर मोजायचा. उभ्या रेषेवर बारीक बारीक खुणा आहेत… हो, तोच! …कसं म्हणजे? घाटाची पायरी टेपनं मोजली होती, वीस सेंटिमीटर. मुनीमजीच्या पायाशी जी पायरी आहे, ती स्कोपमधून बघितली. चार खुणांत बसली. हिशेब केला, पन्नास मीटर. मग पन्नासचा गॅस भरला. जितकं लांब, तितका जास्त गॅस लागतो याला.

…नुसत्या डोळ्यांनी? अं… नुसत्या डोळ्यांनी इतकं लांब नाही वाटत. पण मला वाटलं, स्कोपला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल!

…झूम? थांब, बघते. भैया, पीछे! वीडियो बाद में! …पाचावर आहे ताई. …का म्हणजे? दहावर सगळं धूसर दिसत होतं, म्हणून कमी केला.

…काय?

…परत सांग. सावकाश.

…खुणा फक्त दहावरच खऱ्या?

…थांब, थांब… म्हणजे झूम अर्धा केला की पायरी अर्धी दिसते, आणि खुणा आहेत तेवढ्याच राहतात… म्हणजे आठ खुणांची पायरी मला चारच खुणांची… अगं बाई! म्हणजे तो पंचवीसवर उभा आहे! पंचवीसवर, आणि मी गॅस पन्नासचा!

…हो. हो ना. लागला असता तर हाडच मोडलं असतं त्याचं.

…नाही, ठीक आहे मी. एक मिनिट. …आहे. बोल.

…घेतला दहावर. पण धूसर दिसतं त्याचं काय करू? …डावीकडची घुंडी? फोकसची? आहे एक. शंभर मीटरवर आहे. …कमी करू? फिरवते… फिरवते… अजून? …आई गं! ताई! पापण्या दिसताहेत त्याच्या! इतक्या लांब पापण्या! ताई, तो सुंदर आहे गं!

…हो, हो, कामाचं बघते. डोकं जरासं हलवून बघू? …हलवलं. नाही, रेष हलत नाही, एका जागी चिकटून बसलीय, म्हणजे फोकस बरोबर. …आता पायरी. दोन… पाच… आठ. आठ! पंचवीस! आता गॅसही पंचवीसचाच.

…नाही, लगेच नाही मारत. बरं, तू म्हणतेस तसं, आधी पाण्याचा डार्ट. केयूर! केयूर, वो बोरा टांग दो, टेप से पच्चीस नापना! …केयूर माझा जोडीदार गं, औषध भरतो. नाही, तसला जोडीदार नाही! ताई, हातात रायफल आहे माझ्या, आत्ता लग्नाचं काढू नकोस!

…थांब, सर आले. सर, कळलं काय चुकलं. झूम चुकीचा होता, अंतर दुप्पट दिसलं. …हो सर, माझीच चूक. …नाही, आधी पोत्यावर मारून दाखवते. तो नीट लागला तरच… हो सर. हो!

…ताई, औषधाचा एक डार्ट दिलाय. एकच. पोत्यावर नीट लागला तर.

…आता गप्प बस जरा.

…

…मधोमध! ताई, पोत्याच्या मधोमध! खडूनं गोल काढला होता केयूरनं, त्याच्या आत! …ओरडू नकोस, कानात इयरफोन आहे!

…हो, आता खरा. औषध भरलंय. …श्वास सोडते. हो. …तो वळतोय. मागची मांडी… नाही, शेपूट मध्ये आली. …थांबते. …थांबलेय. …चल ना रे मुनीम, हटव की शेपूट…

…

…लागला! मांडीत! लागला ताई! नुसता दचकला, उडी मारली आणि उभा राहिला! शंका आल्यासारखा बघतोय मागे, कुणी चावलं म्हणून!

…आता वाट बघायची. हो, आहे मी, ठेवू नकोस. …अजून उभाच आहे. …डोकं खाली आलंय. लाळ गळतेय. …झुलतोय. …ताई, नाही, नाही, नाही! खाली निघाला! पाण्याकडे! आत पडला तर बुडेल गं, बेहोशीत पोहता नाही यायचं त्याला! भैया! नाव लगाइए! नाव! आडी लगाइए, सीढ़ी से सटाकर!

…मल्लाह ढकलताहेत. एक नाव… दुसरी पण आली. तिसरी. भिंतच केली त्यांनी! तो आलाय… नाकानं हुंगतोय नावेला… एक पाय… अगं, बसला! बसला पायरीवर! मुनीमजी बसले! ऐकतेस का पब्लिक? हर हर महादेव चाललंय!

…हो, पळतेय. धापा टाकतेय म्हणून असा आवाज. केयूरनं डोळ्यांवर ओला गमछा टाकलाय. …ताई, जवळून बघवत नाही गं. दोरी दिसतच नाहीये, इतकी आत आहे. …सर, तुम्ही मान धरा. हो. …कापतेय. एक पदर… दुसरा… सुटली.

…नाही, रडत नाहीये. वास आहे ना, डोळ्यांत जातो. …हो. रडतेय. बरं.

…धुतोय आम्ही. किडे काढले. औषध भरलं. सर मान धरून बसलेत त्याची. आता विचारताहेत, "ती झूमची दहावाली रिंग कुठली म्हणालीस?" …सर, ही बघा. ही.

…आता उलटं औषध देतेय, उठायचं. सगळ्यांना वर पाठवलं. …दिलं. …कान हलला. …दुसरा कान. …ताई, तो उठतोय. एकदम उठला गं! सर वर पोचले, केयूर नावेत चढला… आणि मी मध्येच राहिले.

…हळू बोल. तो बघतोय माझ्याकडे.

…नाही, हलत नाहीये मी. …जवळ आलाय.

…

…फूं केलं. माझ्या तोंडावर. …आणि गेला. अगदी शेजारून गेला ताई, शिंग नाही लावलं! चढतोय पायऱ्या, मान डोलवत, आणि वर पब्लिक पळतेय! पंडाजी पळताहेत छत्री घेऊन!

…हसू का रडू कळत नाहीये मला! …हो. हो ना. …ऐक, ताई, मी आता इथंच पायरीवर बसतेय जरा. बाबांना तू सांग, मी सांगितलं तर नीट नाही सांगता येणार. ठेवते. …हो गं, ठेवते.