लालभडक गाव, हिरवीगार जमीन

(मध्य जावातलं डोंगराळ गाव. शहरात सरकारी भूगर्भ-नकाशांच्या कचेरीत काम करणारी वेनिंग थोरल्या काकांच्या, सुगिमान यांच्या, नव्या घरी आली आहे. काका-काकूंना ती पाकदे-बुदे म्हणते.)

सुगिमान : खांदा लाव दाराला. अजून जोर कर. चौकट वाकडी झालीय.

वेनिंग : नव्या घराची चौकट? आणि पाकदे, ही भिंतीतली भेग?

सुगिमान : रोज जराजरा वाढते. बस, पोरी. चहा घे. साखर बुदेने घातलीय, माझ्या हातून पडली नसती.

वेनिंग : वरचं चांगलं घर विकलंत कशाला?

सुगिमान : मला विचारतेस? ईदला आलीस तेव्हा तूच माझ्या फोनवर तो नकाशा टाकून दिलास. ‘आता देशातला दगड न् दगड तुमच्या हातात,’ म्हणालीस.

वेनिंग : हो. मग?

सुगिमान : मग काय! बघतो तर आमचं अख्खं गाव लालभडक. आणि खाली इथे हिरवंगार. ज्वालामुखीच्या पाटीवर लाल म्हणजे पळा. शेंबड्या पोरालाही कळतं.

वेनिंग : पाकदे, तो धोक्याचा नकाशा नव्हता हो. लाल म्हणजे जुना लाव्हा. घट्ट, पक्का दगड.

सुगिमान : आणि हिरवं?

वेनिंग : चिकणमाती. पावसात फुगते. सरकते.

सुगिमान : हे लिहिलंय कुठे?

वेनिंग : कोपऱ्यात तीन रेघा आहेत. त्यांवर बोट ठेवलं की रंगांचे अर्थ उघडतात.

सुगिमान : त्या रेघा होय? मला वाटलं, काचेवर चरे पडलेत.

वेनिंग : आधी सगळं समोरच होतं. मीच आत ढकललं. गर्दी दिसत होती. साहेब खूश झाले, सुटसुटीत म्हणाले.

सुगिमान : सुटसुटीत! खाणवाल्याला बरा वाचता आला. आमची घरं घेतली आणि लागला दगड फोडायला. येतोय ना आवाज? आपल्या ओट्याखालचा दगड आहे तो.

वेनिंग : मी उद्याच ते अर्थ पुन्हा समोर आणते.

सुगिमान : आण. छान दिसेल.

वेनिंग : असं नका ना बोलू. तुम्ही दोघं चला माझ्याकडे. पावसाळा इथे काढू नका.

सुगिमान : आम्ही येऊ गं. पण ही शेजारची घरं? सगळी आळी माझ्यामागे खाली उतरली. कुणी तयार नव्हतं. मीच फोन घेऊन दारोदार हिंडलो.

वेनिंग : काय सांगितलंत त्यांना?

सुगिमान : हेच. नकाशा खोटा नसणार, आमच्या वेनिंगने केलाय.