स्क्रीनवरचा माणूस

नव्या गाड्यांचं कौतुक मला नका सांगू! आमचा मेहुणा सुहास नवी गाडी दाखवायला मला संध्याकाळी हिद्द गावाकडे घेऊन गेला. अंधारातली माणसं दाखवणारा स्क्रीन होता तिच्यात. रस्ता बघायचं सोडून आम्ही दोघं त्यातच डोकं घालून बसलेलो.

तेवढ्यात स्क्रीनवर पिवळ्या चौकटीत एक माणूस उमटला.

"दाजी, बघा! दोन्ही हात हलवतोय. बोटंसुद्धा दिसतायत!"

"वा!" मी म्हटलं.

सुहासने त्याला व्यवस्थित वळसा घातला आणि गाडी थेट वाळूच्या ढिगात घुसली. पुढे रस्ता खणलेला होता.

तो हात हलवणारा पोलीस धापा टाकत आला. "मैं दिखा नहीं क्या?"

सुहासचा चेहरा फुलला.

"दिखे ना साहब! एकदम क्लियर दिखे!"